गोळ्यांची घळ

गणपती गेले की आमचा दर्या आठ-पंधरा दिवसांत निवळायला लागतो. चार महिने नद्यांचं तांबडं पाणी पोटात घेऊन तो बैलासारखा डुरकत असतो. मग डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागतं, भाताच्या लोंब्या माना टाकतात, आणि एका सकाळी खडपावर जाऊन उभं राहावं तर पायाखालचा दगड दिसतो, त्याच्या खालचा दगड दिसतो, आणि त्याच्याही खाली, वाळूवर, आपल्या डोक्याची सावली हलताना दिसते. इतक्या वर्षांनंतरही ती सावली दिसली की मी क्षणभर श्वास धरतो.

हल्ली या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची गर्दी असते. तोंडाला काच, पाठीला हवेची टाकी, आणि बुडाले की बाहेर येऊन सांगतात, मासे बघितले. मी माडाखाली बसून ऐकतो. बघा बाबा. मासे बघायचेच. पण मी त्या पाण्यात एकदा जे बघितलं त्याला टाकी लागली नव्हती. मी तर कोरडाच होतो, किल्ल्याच्या बुरुजावर उभा होतो, आणि दुपारचं ऊन होतं.

माझी शाळा तिसरीवरच संपली. चौथीच्या मास्तरांनी नसलेल्या चुकीसाठी मारलं, म्हणून मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो, ती आणायला अजून गेलेलो नाही. त्यामुळे लिहिण्यात काही वाकडं-तिकडं असलं तर असू दे. होडी मात्र मी कधी वाकडी नेली नाही.

तेव्हा नायलॉन आलं नव्हतं. जाळी सुताची असायची, झाडाच्या सालीच्या रंगात उकळलेली. त्या दिवसांत आमचा सगळा मच्छीमारांचा वाडा त्या सालीच्या तुरट वासाने भरलेला असायचा. अंगणात जाळी पसरलेली, चुलीवर पेज, दोरीवर बांगडे वाळताहेत, आणि माझे काका, पांडू तांडेल, पाय लांब करून जाळ्याची भोकं शिवताहेत. डोळे जवळजवळ गेले होते त्यांचे. बोटांनी भोक शोधायचे. बाप माझा लवकर गेला, म्हणून होडी, जाळी आणि शिव्या, तिन्ही मला काकांकडून मिळाल्या.

जाळ्यात मासे येतात तसं नको ते पण येतं. झाडाचं खोड येतं, कासव येतं. आणि आमच्या पाण्यात गोळे येत. तोफेचे लोखंडी गोळे. सोललेल्या नारळाएवढे, काही त्याहून मोठे, वर दगडासारखं कवच आणि कवचावर कालवं. किल्ल्यावर कधीकाळी समुद्रातून हल्ला झाला होता, त्या लढाईतले. कुठली लढाई, कोणाची, ते आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. एवढं मात्र ठाऊक होतं की गोळा आला म्हणजे जाळं फाटलं.

गोळा घरी न्यायचा नाही, ही आमची रीत. का, ते मी अकराव्या वर्षी बघितलं. एक गोळा आम्ही किनाऱ्यावर आणला होता. ओला होता तोवर थंड. कवच फुटलं, वारा लागला, आणि काकांनी माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. गोळा ऊन होता. सावलीत ठेवलेला, पाण्यातून काढलेला, आणि भाकरीसारखा ऊन.

"अजून रागार आसा तो," काका म्हणाले. "तेका कोणी सांगूकच नाय, लढाई संपली म्हणान."

थोडे दिवस ठेवला तर तो भेगाळतो, पापुद्रे सुटतात, शेवटी भुगा. म्हणून त्याला पाण्यातच ठेवायचं. पण होता तिथे परत टाकला तर पुढच्या वर्षी परत जाळं फाटणार. तेव्हा आमच्या जुन्या लोकांनी एक जागा धरली होती. दोन खडपांच्या मधली खोल घळ, जिथे कोणी जाळं टाकत नाही. कित्येक पिढ्यांचे गोळे त्या घळीत. आणि टाकताना तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, गोळा दोन्ही हातांत धरून दर्याला मोठ्याने सांगायचं, हा कुठून उचलला ते. आमच्याकडे समुद्रातली जागा सांगतात ती जमिनीवरच्या खुणांनी. एका बाजूला दोन खुणा एकामागे एक आणायच्या, दुसऱ्या बाजूला दोन, आणि दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपली होडी. तर तांडेल म्हणायचा, "माडाचो शेंडो देवळाच्या कळसार, बुरजाचो कोपरो काळ्या खडपार. थंयसून घेतलंव, हंय ठेवतंव. राग धरू नको." मग गोळा सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

आणि अशा एका निवळत्या दिवसांत आमच्याकडे चिटणीस सर आले.

कुठल्याशा कॉलेजात इतिहास शिकवायचे. सुकट माणूस, डोक्यावर सोला टोपी, आणि हातात एक लाकडी डबा, ज्याच्या तळाला काच बसवलेली. जुन्या कागदात त्यांना या लढाईची हकीकत सापडली होती. पण जहाजं नेमकी कुठे उभी राहून लढली, ते कागदात नव्हतं. तेवढं शोधायला ते सहा वर्षं सुट्टी मिळाली की या किनाऱ्यावर हिंडत होते. कॉलेजातले लोक त्यांना हसायचे म्हणे. समुद्रावर काय खूण राहते? तलवार पडते ती जमिनीवर. पाणी तर मिटून जातं.

बंदरावर सगळ्यांच्या समोर त्यांनी विचारलं, "इथे तोफेचे गोळे कुठे मिळतात, कोणाला माहीत आहे का?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काका जाळ्याची गाठ चाचपत राहिले. मी पुढे झालो. त्या वयात मला पुढे व्हायची फार हौस होती. "मला माहीत आहे," म्हणालो, आणि त्यांना होडीत घालून घळीवर नेलं.

सरांनी डबा पाण्याला टेकवला, आत बघितलं, आणि डबा माझ्या हातात दिला. मी लहानपणापासून त्या पाण्यात बुड्या मारलेल्या. पण पाण्यात उघडे डोळे म्हणजे धुकं. त्या काचेतून मी पहिल्यांदा दर्याचा तळ बघितला. जसा आहे तसा. हिरव्या उजेडात खडपाचे दोन काठ, मध्ये घळ, आणि घळीत गोळ्यावर गोळे, गोळ्यावर गोळे, त्यांच्या फटींतून बारीक निळे मासे असे ये-जा करताहेत जशी बाजारात माणसं. माझ्या बापाचे हात ज्यांना लागले होते ते तिथे होते. त्याच्या बापाचे होते.

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सदाशिव," ते म्हणाले, "इतके गोळे एकाच जागी म्हणजे दारूगोळ्याचं जहाज इथेच बुडालं. हीच ती जागा. तू दाखवलीस." आणि किनाऱ्यावर परतल्यावर सगळ्यांच्या देखत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "या माणसाचं नाव मी माझ्या लेखात घालणार."

आता सांगायचं ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सर, जहाज नाही बुडालं, आम्ही टाकले. सहा शब्द. पण पाठीवर हात होता, आणि तिसरी शिकलेल्या माणसाच्या पाठीवर कॉलेजातल्या माणसाचा हात रोज पडत नाही. मी गप्प राहिलो. काकांनी फक्त खाकरून घेतलं.

सर आठ दिवस मापं घेत होते. उन्हाने नाक सोललं. देवळाच्या ओसरीत उतरले होते तिथे बसून कागदावर कागद लिहायचे. मधे एकदा म्हणाले, "काही गोळ्यांवर बोटभर कालवं आहेत, काहींवर मुळीच नाहीत. एकाच दिवशी बुडाले तर असं का?" मी समुद्राकडे बघत राहिलो. गेल्या शिमग्यात मीच टाकलेला गोळा त्यांच्या हातात होता.

माझी बायको शेवंती मासे विकून आली की पाटी उपडी करून त्याच्यावर बसायची, पाय धुवायची. त्या दिवशी पाय धुता धुता म्हणाली, "ओ, त्या सरांका तुमी सांगलात काय?"

"काय सांगू?"

"गोळे थंय कशे इले ता."

"मी काय खोटा बोलूक नाय," मी म्हणालो. "तेनी इचारला गोळे खंय, मी दाखवलंय."

"व्हय. आणि म्होरला सांगूक तोंडात काय बांगडो हुतो?"

मी तिच्यावर डोळे वटारले. तिने तांब्यातलं उरलेलं पाणी अळवाला घातलं आणि जाता जाता म्हणाली, "उद्या तो कागद पोष्टात टाकतलो. मगे कोणीतरी शाणो येतलो, तेका खोटो पाडतलो. सा वर्सा करपलो तो माणूस. तुमचा काय, तुमचा नाव नुसता."

मी जेवलो नाही. खरं सांगायचं तर रागाने जेवलो नाही, आणि राग तिचा नव्हता. तसाच उठून ओसरीवर गेलो.

सर पाकिटाला खळ लावत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सर, ते गोळे आम्ही टाकलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे काही बुडालेलं नाही. माझ्या बापाने टाकले, आज्याने टाकले. शेवटचा मी टाकला."

त्यांनी चष्मा काढला. पाकीट बाजूला ठेवलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. चष्म्याच्या काचा पुसत राहिले. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पाठीवर हात ठेवलात म्हणून."

त्यांच्या तोंडावर असं आलं, की या अडाणी माणसांनी सगळा पुरावा जागचा हलवून नासवला. ते मला झोंबलं. चूक माझी, पण रीत आमच्या वाडवडलांची. मी म्हणालो, "आम्ही काही कचरा टाकल्यासारखा टाकत नाही सर. कुठून उचलला ते दर्याला सांगून ठेवतो."

"काय सांगून?"

मी सांगितलं. माडाचा शेंडा, देवळाचा कळस, बुरजाचा कोपरा, काळं खडप.

सरांचा चष्मा अजून हातातच होता. "असं प्रत्येक गोळ्याचं?"

"प्रत्येकाचं."

"आणि ते कोणाला आठवतं?"

मी त्यांना काकांकडे नेलं. काका ऐकून घेऊन म्हणाले, "माका सगळा येता. माझ्या बापाशीन टाकलेले येतत, तेच्या बापाशीचे येतत. होडयेत दुसरा गाणा नसायचा. पण तो शब्द जमनीर बोलूचो नाय."

सर हात जोडून म्हणाले, "मग पाण्यावर बोला, बाबा."

काकांना हसू आलं. "मास्तर हुशार आसा रे सदा. पण हातात गोळो व्हयो. मोकळ्या हातान दर्याक खोटा सांगूचा नाय." 'खोटं' म्हणताना त्यांचे गेलेले डोळे माझ्याकडे वळले होते. म्हातारा सगळं ओळखून होता.

जाळ्याला बांधतात ते हलक्या लाकडाचे तरंगे आम्ही जमवले. दुरून दिसावेत म्हणून शेवंतीने त्यांना चुना फासला, आणि फासताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, नुसती गालात हसत होती. प्रत्येक तरंग्याला दोरी आणि दगड. घळीतून एक गोळा काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला, काकांच्या मांडीवर दिला. आणि दोन दिवस आम्ही तिघे पाण्यावर.

काका तोंड, मी डोळे. ते म्हणायचे, मी वल्हवत ती जागा शोधायचो, खुणा एकावर एक आल्या की हात वर करायचो, सर तरंगा सोडायचे. काही खुणा तर जगातच उरल्या नव्हत्या. "रायवळाची फांदी सड्याच्या खाचेत," काका म्हणाले. सड्याची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराची, खाच दिसत होती. पण कुठला रायवळ? मी आंब्याचं तसलं झाड तिथे कधी बघितलं नाही. "माझ्या जन्माच्या आधी पडलो तो," काका म्हणाले, "तेच्या जागेर आता शाळेचा कवलार आसा." म्हणजे झाड पडलं तेव्हा कोणीतरी त्याची जागा लक्षात ठेवली, शाळा झाली तेव्हा कोणीतरी ती जोडून दिली, आणि जी शाळा मी रागाने सोडली तिचंच कौल धरून मी त्या दिवशी दर्यात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. शेवटचा तरंगा टाकून आम्ही किल्ल्यावर गेलो. काकांना हात धरून बुरुजाच्या पायऱ्या चढवल्या. वर आलो, आणि मी खाली बघितलं.

रोज ज्या पाण्यावर मी पोट भरतो ते पाणी ते नव्हतंच.

तटाच्या जवळ, हाकेच्या अंतरावर, पांढऱ्या ठिपक्यांची एक वाकडी ओळ. सर हळू आवाजात म्हणाले, "हे त्यांचे. तटापर्यंत पोहोचले नाहीत ते." आणि दूर, खोल निळ्या पाण्यात, ठिपक्यांचा दुसरा पट्टा. दाट, विस्कटलेला. "हे आपले. इथून, या बुरुजावरून सुटलेले." मी बुरुजाच्या दगडावर हात ठेवला होता तो नकळत काढून घेतला. आणि त्या दूरच्या पट्ट्यात तीन जागा रिकाम्या होत्या. तिन्ही लांबट, तिन्ही एका दिशेला तोंड केलेल्या. आजूबाजूला ठिपकेच ठिपके, आणि आत काही नाही.

"तिथे का नाहीत?" मी विचारलं.

सरांनी मधल्या जागेकडे बोट केलं. "मला वाटतं," ते म्हणाले, "तिथले गोळे पाण्यापर्यंत आलेच नाहीत, सदाशिव. तिथे जहाजं होती."

मी पुष्कळ जत्रा बघितल्या, वादळं बघितली, एकदा देवमासा होडीखालून जाताना बघितला. पण तसं कधी वाटलं नाही. लढलेली माणसं गेली, जहाजांचं लाकूड कुजलं, कोण जिंकलं हेसुद्धा आमच्या वाड्यात कोणाला सांगता येत नव्हतं. आणि ती तीन जहाजं तिथे उभी होती. पाणी मिटून जातं म्हणणारे कॉलेजातले लोक मला तिथे हवे होते. पाणी मिटतं. जाळं फाटतं ना पण. फाटलेलं कोणीतरी शिवतं, आणि कुठे फाटलं ते दर्यावर बोलत राहतं.

"काय दिसता रे?" काका मागून म्हणाले. आम्ही दोघे त्यांना विसरूनच गेलो होतो.

मी सगळं सांगितलं. रिकाम्या जागांचं सांगितलं तसे ते पुढे सरकले. "मधली जागा खंयच्या रेघेर?"

मी खुणा जुळवून सांगितल्या. आणि सांगता सांगताच मी थांबलो. कारण ती रेघ मला ठाऊक होती. खडपांच्या मधून आत यायची आमची वाट ती. दोन्ही बाजूंना पाण्याखाली दात, आणि मध्ये मोठ्या गलबतापुरतं खोल पाणी. ती वाट बाहेरच्याला कळत नाही. आजही परमुलखातला ट्रॉलर तिथे चुकतो. आम्हाला ती बाप सांगतो, आणि बाप नसेल तर काका.

"तिनय थंयच?" काकांनी विचारलं. "रांगेन?"

"रांगेन."

काका कठड्याला टेकून खाली बसले. सर विचारायला लागले, काय झालं, बाबांना चक्कर आली का. मीच त्यांना सांगितलं. त्या तीन जहाजांना तिथवर आणणारा माणूस परका नव्हता. सुकाण्याजवळ उभं राहून ज्याने वाट दाखवली तो आमच्यातला होता. आमच्या वाड्यातला असेल. आमच्या घरातला असेल.

सरांनी वही मिटली. या वेळी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. नुसतं विचारलं, "हे लिहू का? तू नको म्हणालास तर नाही लिहिणार. ठिपके आहेत, तेवढं पुरे आहे मला."

आणि ते खरंच तसं करणार होते, हे मला दिसत होतं. माझ्या तोंडात 'नको' आलं होतं. आमच्या माणसाचं नाक कापायचं, तेही आम्हीच टाकलेल्या तरंग्यांनी? गावात कोणाला कळणार होतं? एक शब्द न बोलता गप्प राहिलं की झालं. पण गप्प राहणं कसं लागतं ते मी आठ दिवस चाखलं होतं. आणि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गोळा हातात धरून दर्याला खरी जागा सांगितली, त्यांनी काही आपल्या सोयीच्या तेवढ्याच सांगितल्या नव्हत्या.

"लिहा," मी म्हणालो.

काकांनी खाली बसल्या बसल्या मान वर केली. "लिवा मास्तरांनू," ते म्हणाले. "पण ता पण लिवा, की तेच्या मानेर तलवार हुती, की घरात प्वारां उपाशी हुती, ता आमका ठावक नाय. आमका तेना जहाज खंय उभा केला येवढाच ठावक आसा."

सरांनी वही परत उघडली आणि काका म्हणाले तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. खाली ओहोटी लागली होती. पांढरे ठिपके एकामागून एक दोऱ्या ताणून बाहेरच्या समुद्राकडे कलायला लागले, आणि आम्ही तिघे ते सगळे फिरेपर्यंत तिथेच थांबलो.